चिंध्यांची बाहुली

पेण तालुक्यातले जोहे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी नावाजलेले आहे. शेजारच्या हमरापुरातही हेच काम चालते. मोठी माणसे कामात गुंततात. रांगते पोर जवळच असते. हाती लागेल ते तोंडात घालते. ओला रंग, मातीचा खडा, काहीही! म्हणून आम्ही सांगतो, पोराच्या हाती मऊ खेळणे द्या. ते घरच्या घरी होते. पैसा लागत नाही.

जुने सुती लुगडे घ्या. साबण लावून उकळत्या पाण्यात धुवा. कडक उन्हात वाळवा. कापड दुहेरी करा. सुलट बाजू आत ठेवा. कोळशाने वीतभर बाहुली काढा. रेघेवर बारीक टीप घाला. नुसता धावदोरा नको, तो लवकर उसवतो. एका कुशीला दोन बोटे जागा उघडी ठेवा. रेघेबाहेर अर्धे बोट सोडून कापा. मग बाहुली उलटवा. आत धुतलेल्या चिंध्या ठासून भरा. धान्य भरू नका. त्याला कीड लागते, उंदीर येतात. उघडी जागा शिवून टाका.

डोळ्यांना बटण किंवा मणी लावू नका. पोर ते ओढून काढते. घशात अडकले, तर श्वास कोंडतो. जिवावर बेतते. डोळे काळ्या दोऱ्यानेच भरा. जुना स्वेटर उसवला की लोकर मिळते. तिचे आखूड केस घट्ट शिवा.

शेवटी सुया मोजून डबीत ठेवा. बाहुली दोन्ही हातांनी जोराने ओढून पाहा. टीप टिकली, तर आम्ही म्हणू, बाहुली पास झाली!