हिमनदी आणि किनाऱ्याची जीवसृष्टी
(भूगोल व सामान्य विज्ञान : वरच्या इयत्तांसाठी नमुना पाठ)

हेतू : हिमनद्या वितळल्या म्हणजे समुद्राची पातळी वाढते, एवढे विद्यार्थ्यांनी बहुधा ऐकलेले असते. त्या पाण्याने किनाऱ्याजवळील जीवांचे काय होते, हे त्यांस समजावून देणे हा या पाठाचा हेतू होय.

प्रयोग : काचेच्या दोन पेल्यांत मीठ विरघळविलेले पाणी घ्यावे. शाईने रंगविलेले गोडे पाणी पहिल्या पेल्यात चमच्यावरून अलगद सोडावे. ते वरच तरंगत राहील. दुसऱ्या पेल्यात तेच पाणी ड्रॉपरने तळाशी सोडावे. ते वर चढेल व चढताना भोवतालचे खारे पाणीही ओढून नेईल. खारे पाणी जड व गोडे पाणी हलके, हा निष्कर्ष मुलांकडूनच काढून घ्यावा.

पाठ : उत्तर ध्रुवाजवळ, ७९ अक्षांशाच्या सुमारास, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात कोंग्सफियोर्डन नावाची खाडी आहे. तिच्या काठी २००८ साली भारताचे ‘हिमाद्रि’ संशोधन केंद्र सुरू झाले. पाण्याचे तापमान व क्षारता नोंदविण्यासाठी २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी या खाडीत उपकरणांची साखळी सोडली.

खाडीच्या टोकाशी क्रोनेब्रेन ही हिमनदी थेट समुद्रात उतरते. उन्हाळ्यात वितळलेले पाणी बर्फाखालून वाहत येऊन खोल समुद्रात बाहेर पडते. ते हलके असल्यामुळे वेगाने वर उसळते व तळाकडील पोषकद्रव्ये आणि सूक्ष्म प्राणी यांस सोबत आणते. म्हणून तेथे कुरव पक्ष्यांचे थवे भक्ष्यासाठी घिरट्या घालतात आणि सीलही येतात. ही हिमनदी म्हणजे जणू समुद्राचा रहाटच होय.

परंतु उष्ण हवा आणि अटलांटिक महासागरातून येणारे उबदार पाणी यांमुळे हिमनद्या मागे हटत आहेत. याच खाडीकाठची मिड्त्रे लोवेनब्रेन ही हिमनदी आता जमिनीवरच संपते. अशा हिमनदीचे पाणी ओढ्यांवाटे येऊन समुद्राच्या पृष्ठभागावर पसरते. पाणी तेच, परंतु तळाचे अन्न वर आणणारा रहाट थांबतो, आणि गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा वर बसतो. खालची पोषकद्रव्ये वर येणे अवघड होते.

शिवाय या पाण्याबरोबर बारीक गाळ येतो. पावसाळ्यात कोकणातील खाड्यांच्या मुखाशी समुद्र गढूळ होतो, तसाच हा प्रकार होय. गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही. त्यामुळे समुद्रशेवाळाची वाढ उथळ भागापुरती राहते. पाणी गाळून अन्न मिळविणारे तळाचे प्राणी गाळाखाली गुदमरतात. वनस्पती कमी झाल्या की त्यांवर जगणारे सूक्ष्म प्राणी, पुढे मासे व पक्षी, अशी अन्नाची साखळी कडीकडीने क्षीण होते.

यावरून विद्यार्थ्यांच्या मनावर एक गोष्ट बिंबवावी : निसर्गात एखादी वस्तू किती आहे एवढेच महत्त्वाचे नसते, ती कोठून व कशी येते, यावरही जीवांचे पोषण अवलंबून असते.

स्वाध्याय :
१. समुद्रात उतरणारी हिमनदी पक्ष्यांस अन्न कसे पुरविते?
२. हिमनदी जमिनीवर मागे हटल्यावर कोणते दोन बदल होतात?
३. प्रयोगातील दोन्ही पेल्यांच्या आकृत्या काढून कोणता पेला कोणत्या हिमनदीसारखा आहे ते लिहा.