जिताड्याच्या पिलांचा पहिला घास

रायगड जिल्ह्यातील खारेपाटात जिताडा तळ्यात वाढविण्याची प्रथा जुनी आहे. त्याची पिले मात्र खाडीतून पकडून आणावी लागत. त्यामुळे तळ्यात किती मासे सोडावयाचे, हे खाडीच्या मर्जीवर ठरे. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साध्य केले. तथापि अंडी मिळाली म्हणजे पिले हाती आली असे होत नाही.

अंड्यातून निघालेला डिंभ जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा असतो. दोन-तीन दिवसांत त्याची पीतकाची शिदोरी संपते व तोंड उघडते. त्या वेळी योग्य आकाराचा घास मिळाला नाही, तर तो फार काळ तग धरीत नाही. म्हणून प्रथम रोटिफर आणि आठ-दहा दिवसांनंतर आर्टेमियाची पिले दिली जातात. रोटिफरसाठी सूक्ष्म शैवालाच्या टाक्या सांभाळाव्या लागतात. आर्टेमियाची सुप्त अंडी महाग पडतात. शिवाय सागरी माशांना अत्यावश्यक असे डीएचए हे वसाम्ल या जिवांत अल्पच असल्याने, ते तेलाच्या पायसातून त्यांना आधी चारावे लागते. म्हणजे खाद्यालाच खाद्य!

मग कोरडे कृत्रिम खाद्य का देऊ नये? अडचण येथेच आहे. कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने अधिक. साहजिकच अमिनो आम्ले व जीवनसत्त्वे पाण्यात झपाट्याने विरघळून जातात. त्यावर टणक वेष्टन चढवावे, तर डिंभाला ते पचत नाही. कारण त्याचे जठर अद्याप तयार झालेले नसते आणि पेप्सिनही स्रवत नसते. कण हालचाल करीत नाही, तळाशी बसतो व पाणी नासवितो, हे वेगळेच.

फ्रान्समधील ब्रेस्ट येथील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात युरोपीय सी-बासवर केलेले प्रयोग या दृष्टीने मोलाचे ठरले. प्रथिनांचा काही भाग आधीच विघटित करून, तसेच फॉस्फोलिपिडांचे प्रमाण वाढवून दिल्यास डिंभांची वाढ सुधारते, असे त्यांना आढळले.

व्यवहारात अद्याप जिवंत खाद्य पूर्णतः वगळलेले नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून आर्टेमियाबरोबर कृत्रिम कण देऊन पिलांना हळूहळू सवय लावली जाते. या काळात हात आखडता घेणे महागात पडते: उपाशी जिताडा आपल्याच लहान भावंडांना गिळतो. त्यामुळे दर काही दिवसांनी आकारानुसार पिले निवडून वेगळी करावी लागतात.