पुस्तकातलं चित्र दुय्यम मानू नकोस

चि. छोटीस,


मुलांच्या पुस्तकाचं काम आलंय, पण ते घेतलं तर ‘चित्रकार’ म्हणून आपली किंमत उतरेल, अशी धास्ती तू कळवलीस. तू दिल्लीतल्या ज्या जामिया मिलिया विद्यापीठात शिकतेस, तिथेच १९६५ ते १९९२ या काळात चित्रकार ए. रामचंद्रन शिकवत होते. आधी त्यांचं काम नीट पाहा, मग ठरव.

केरळातल्या अट्टिंगलला १९३५ साली जन्मलेले रामचंद्रन आधी मल्याळम साहित्यात एम.ए. झाले, मग शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांच्या हाताखाली घडले. दिल्लीतली त्यांची सुरुवातीची चित्रं अंगावर येणारी होती. पिळवटलेली, शिर नसलेली माणसं. पण हाच चित्रकार पत्नी चमेली यांच्यासोबत मुलांसाठी चित्रपुस्तकंही करत होता. जपानमध्ये ती छापली गेली, नोमा पुरस्कारही मिळाला.

१९८४ साली दिल्लीत झालेला शीखविरोधी हिंसाचार पाहिल्यावर त्यांच्या चित्रांनी वळण घेतलं. १९८६ साली ‘ययाति’ हे भव्य चित्र पूर्ण झालं: उषा, मध्यान्ह आणि संध्या अशा तीन भागांत साठ फूट पसरलेलं. केरळच्या भित्तिचित्रांची आठवण देणारे झगझगीत रंग, उदयपूरकडच्या बायका, दागिन्यांची बारीक नक्षी. समीक्षकांना हा बदल अचानक वाटला असेल. मला वाटत नाही. गोष्ट सांगण्याची हौस आणि सजावटीचं प्रेम त्यांनी मुलांच्या पुस्तकांत आधीच जपलं होतं.

त्यांची कमळतळ्याची चित्रं जवळ जाऊन बघ. पानांच्या गर्दीत एखादा किडा सापडतो आणि त्याला चेहरा असतो चित्रकाराचाच! पुस्तकाचं पान निरखणाऱ्या मुलाला मिळावा तसा हा आनंद आहे.

आपल्याकडे मराठीत चित्रकार दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ अंकाच्या मुखपृष्ठांतून घराघरांत चित्र पोचवलं. त्यांना कुणी कमी लेखलं, तर तो बघणाऱ्याचा दोष.

तेव्हा काम घे. मात्र उरलेल्या वेळात उरकू नकोस. मोबाइलवरचे फोटो समोर ठेवून माणसं काढू नकोस. रामचंद्रन उदयपूरजवळच्या भिल्ल वस्त्यांत जाऊन रेखाटनं करत, तू निदान जामियाजवळच्या ओखल्याच्या बाजारात वही घेऊन बस. भाजीवाली वजन तोलते तेव्हा तिचा खांदा कसा कलतो, ते टिप.

आणि करारात एवढं लिहून घे की मूळ चित्रं तुझ्याकडे परत येतील. सही करण्याआधी मसुदा मला पाठव.

तुझा,
मामा