तीन दिवस गप्प का बसलास?

मेलवीथी, तंजावूर

चि. माधवास काकाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री वहिनींचा चेन्नईहून फोन आला. माधव धड जेवत नाही, ऑफिसातल्या रेट्रोच्या बैठकीत चारचौघांत "हा अडला तरी सांगत नाही" असं कुणी बोललं म्हणून राजीनामा लिहून ठेवलाय. आजीच्या मते दृष्ट लागली. काकाला मात्र छळतायत ते तीन दिवस. पेमेंटच्या कोडात माधवराव रुतून बसले होते, रोज सकाळी टीमच्या डेली मीटिंगला हजर होते आणि "चालू आहे" एवढंच सांगत होते. अरे, काय चालू होतं?

तुझ्या काकाचीही उमर संगणकाच्या खोल्यांतच गेली, म्हणून हे बोलणं ऐकून घे. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटामध्ये, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ जागी सतरा जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा लिहून उठले. ठराविक दिवसांनी टीमने थांबावं, आपलं कसं चाललंय ते पाहावं आणि रीत बदलावी, हे त्यांच्या बारा तत्त्वांतलं एक. रेट्रो त्यासाठी असते. आणि डेलीची पंधरा मिनिटं साहेबाला हजेरी द्यायला नसतात. स्प्रिंटचं ठरलेलं काम होतंय की नाही हे बघून दिवसाचा बेत बदलायला असतात. "काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय" हे तीन प्रश्न लोक पोपटासारखे म्हणू लागले होते. डेलीची रीत सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतून ते निघालेच. तुझं "चालू आहे" त्याच जातीचं. त्यातून शेजारच्याला काडीची माहिती मिळत नाही.

शेजारच्याला काय हवं असतं तेही बघ. एमी को, रॉबर्ट डिलाइन आणि जीना व्हेनोलिया या तिघा संशोधकांनी मायक्रोसॉफ्टमधल्या सतरा प्रोग्रामरांच्या शेजारी बसून ते दिवसभर काय शोधतात ते टिपलं. २००७ साली तो अभ्यास छापून आला. सगळ्यांत जास्त शोधाशोध कशाची, तर आपले सोबती काय करतायत आणि कोडात काय बदललंय, याची. आणि जे शोधायचं सारखं पुढे ढकललं जायचं ते म्हणजे हा कोड असा का लिहिलाय, हा प्रोग्राम असा का वागतोय. ते माहीत असलेला माणूस नेमका जागेवर नसला, की काम तिथेच लटकायचं. म्हणजे मायक्रोसॉफ्टमधली जाणती माणसंसुद्धा अडत होती. अडण्यात लाज नाही रे. पण ती विचारत तरी होती. तू तीन दिवस गप्प का बसलास?

लहानपणी तुला इथल्या सरस्वती महालात नेलं होतं, तिथे तुला फक्त पंखे आवडले. त्याच ग्रंथालयात तंजावूरच्या सरफोजीराजांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आहेत. १७९८ ते १८३२ अशी राजांची कारकीर्द. रुग्ण कोण, दुखणं काय, उपचार कोणता, पुढे काय झालं, हे सगळं कागदावर, सोबत डोळ्याची रंगीत चित्रं. त्या जागी कुणी "उपचार चालू आहेत" एवढंच लिहून ठेवलं असतं तर पुढच्या वैद्याने काय करायचं होतं? तुझ्या कामाच्या तिकिटावरही तेच हवं होतं: काय करून पाहिलं, कुठे फसलं, आता कोणाची मदत हवी. तीन ओळी.

आता काकाचं ऐक. आपल्या तात्यांना मोडी लिपी झरझर वाचता यायची. ट्रंकेतलं दप्तर उघडून ते ओसरीवर बसत आणि काका शेजारून क्रिकेटची बॅट घेऊन पळत असे. पुढच्या सुट्टीत शिकू, पुढच्या सुट्टीत शिकू, असं करता करता तात्या गेले. पुढे एका जाणकाराकडून एक कागद वाचून घेतला. पणजोबांनी मळ्यातला हिस्सा सोडला, असं त्यात आहे. का सोडला, ते नाही. तात्यांना माहीत असणार. राजवाड्यात आणि तमिळ विद्यापीठात मोडीचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, वाचणारे मोजके. तुझ्या त्या पेमेंटच्या कोडाचं असंच झालंय ना? लिहिणारा नोकरी सोडून गेला आणि का लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही, असं वहिनी म्हणाल्या.

मग दोष एकट्या तुझा कसा? आणि जे बोलले त्यांनीही आधी बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. नॉर्मन कर्थ या गृहस्थांनी रेट्रोसाठी एक दंडक घालून दिलाय: त्या वेळी जेवढं माहीत होतं, जेवढं हाताशी होतं, त्यात प्रत्येकाने जमेल तेवढं चांगलंच केलं, असं धरून बोलायला बसायचं. तुझ्या टीमने तो पाळला नसेल. तूही स्वतःपुरता पाळत नाहीयेस, त्याचं काकाला जास्त वाईट वाटतं.

वरचं सगळं रागाच्या भरात लिहिलंय. तू लहानपणापासूनच असा. ताप चढला तरी आईला सांगायचा नाहीस, कपाळाला हात लावल्यावर कळायचं. आता ऑफिसात हात कोण लावणार?

राजीनामा द्यायचाच असेल तर दे, घरात कुणी बोलणार नाही, वहिनींची समजूत काका घालेल. पण सोमवारी एकदा डेलीत "मला इथे कळत नाहीये" म्हणून बघ. आणि त्याआधी शुक्रवारी रात्री उळवन एक्स्प्रेस पकड. पहाटे स्टेशनावर काका स्कूटर घेऊन येईल. लॅपटॉप आणलास तर तो कोड दोघं मिळून बघू, नाही आणलास तरी चालेल. आजीने तुझ्यासाठी पिठलं आणि चिंचेचं सार ठरवून ठेवलंय. जेवत जा रे बाळा.

तुझा,
काका