‘मिस्सा’ म्हणजे पाठवणी



रविवारच्या मिस्साबलिदानाच्या शेवटी सूचना वाचल्या जातात, धर्मगुरू आशीर्वाद देतात, शांतीने जाण्यास सांगतात आणि शेवटचे गीत संपण्याआधीच आपल्यापैकी बरेचजण दाराकडे वळलेले असतात. हे शेवटचे अर्धे मिनिट आपल्याला शाळा सुटल्याच्या घंटेसारखे वाटते. प्रत्यक्षात या संपूर्ण उपासनेला ‘मिस्सा’ हे नाव मिळाले ते याच अर्ध्या मिनिटावरून!

लॅटिन भाषेत या निरोपाचे शब्द ‘इते, मिस्सा एस्त’ असे आहेत. प्राचीन काळी ‘मिस्सा’ या शब्दाचा अर्थ फक्त ‘निरोप’ एवढाच होता. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली ‘साक्रामेंतुम कारितातिस’ या पत्रात दाखवून दिले की, ख्रिस्ती जीवनात या शब्दाला हळूहळू ‘कार्यासाठी पाठवणे’ असा खोल अर्थ आला. या निरोपाला २००८ साली त्यांनी आणखी काही पर्यायी वाक्ये जोडली. त्यांत शुभवर्तमानाची घोषणा करण्यास आणि आपल्या जीवनाने प्रभूचा गौरव करण्यास जाण्याची आज्ञा आहे. मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे, ‘पाठवणी’. लेकीची पाठवणी होते तेव्हा लग्न संपते, पण तिचा संसार तेथूनच सुरू होतो. मिस्साचेही तसेच आहे.

भाकर आणि घंगाळ

मत्तय, मार्क व लूक आपल्याला शेवटच्या भोजनातील भाकर आणि प्याला यांविषयी सांगतात. योहान मात्र त्याच रात्रीचे वर्णन करताना (अध्याय १३) भाकरीऐवजी पाण्याचे घंगाळ आणि कमरेला बांधलेला रुमाल आपल्यापुढे ठेवतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांसाठी असेच करा, असे सांगितले. म्हणूनच पवित्र गुरुवारी, ख्रिस्तप्रसादाच्या स्थापनेच्या दिवशी, ख्रिस्तसभा आपल्याला हेच शुभवर्तमान ऐकवते. भाकर आणि घंगाळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

करिंथची चूक

करिंथ येथील ख्रिस्ती लोक प्रभुभोजनासाठी एकत्र येत असत. ज्यांची ऐपत होती ते आपापले जेवण आधीच उरकून घेत. ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशीच राहत. एकीकडे भूक, तर दुसरीकडे मद्याची धुंदी! संत पौलाने त्यांना खडसावले, की तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजन नव्हेच (१ करिंथ ११). त्यांची प्रार्थना चुकली नव्हती, विधी चुकला नव्हता. शेजारी बसलेला भुकेला माणूस त्यांना दिसला नव्हता, एवढीच त्यांची चूक होती. आणि पौलाच्या दृष्टीने ती एवढी गंभीर होती की, अशा रीतीने प्रभूची भाकर खाणारा स्वतःवरच न्यायदंड ओढवून घेतो.

पुढच्या पिढ्यांनी हा धडा गिरवला. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टीन यांनी रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे उपसेवक ख्रिस्तप्रसाद घेऊन जात. सधन लोक स्वखुशीने दान देत आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांची काळजी घेतली जाई. आजची आपली दानाची पिशवी हीच परंपरा सांगते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही (परिच्छेद १३९७) स्पष्ट सांगतो, की ख्रिस्तप्रसाद आपल्याला गरिबांशी बांधून घेतो.

मुंबईची ती मोटार

आपल्यातील काही ज्येष्ठांना १९६४ साल आठवत असेल. त्या वर्षी मुंबईत ३८वी आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषद भरली होती आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल आले होते. भारतात आलेले ते पहिले पोप. त्यांच्या प्रवासासाठी एक पांढरी लिंकन मोटार होती. परत जाताना त्यांनी ती मदर तेरेसा यांना देऊन टाकली. मदरनी ती स्वतःसाठी ठेवली नाही. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा पश्चिम बंगालमधील शांतीनगर या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या कामी लावला. वेदीपासून निघालेली वाट कुष्ठरोग्याच्या दारापर्यंत पोहोचली. परिषदेची यापेक्षा चांगली पाठवणी कोणती?

आणि आपण?

आपल्याकडे मोटार वाटून टाकण्याची वेळ येत नाही. परंतु मुलामुलींच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे जेवण आपण थाटाने करतो. त्या दिवशी मागच्या अंगणात भांडी घासणाऱ्या बाईला जेवायला कितीला बसवतो? मुले परदेशी गेल्यामुळे मोठ्या घरात एकटे राहिलेले आईवडील आपल्याच आळीत आहेत. खोल्यांतून राहणारे परगावचे मजूर आहेत. त्यांचे नावसुद्धा आपण कधी विचारलेले नसते. आणि बांधाच्या चार फुटांवरून ज्याच्याशी बोलणे बंद आहे, तो सख्खा भाऊ कदाचित ख्रिस्तप्रसादाच्या त्याच रांगेत उभा असतो.

हे लिहिताना आम्ही हे प्रश्न आधी स्वतःलाच विचारले. उत्तरे देताना मान खाली गेली. ख्रिस्तप्रसाद आम्ही कितीतरी वर्षे स्वीकारत आहोत. पण तो आमच्यातून पुढे कुणापर्यंत पोहोचला?

म्हणून या आठवड्यासाठी एवढेच ठरवूया:

१. आपल्या आळीतील एका आजारी किंवा एकट्या व्यक्तीकडे घरातील सर्वांनी मिळून जावे आणि घाई न करता तासभर बसावे.

२. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी पहिला शब्द आपण बोलावा. वेदीवर अर्पण आणण्याआधी भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितलेच आहे (मत्तय ५:२३-२४).

३. पुढच्या रविवारी निरोपाचे शब्द ऐकताना क्षणभर थांबून मनात विचारावे: प्रभू, आज तू मला कुणाकडे पाठवतोस?

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी भाकर झालास. आमच्या हातांना तुझ्या घंगाळाची आणि रुमालाची सवय लाव. आमेन.