बांधापलीकडचा शेजारी

शेतकीच्या मासिकांत धर्माचा विषय कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु गांवच्या जमिनीचे जे प्रश्न आज आपल्यापुढें उभे आहेत, त्यांपैकीं कित्येक एकट्या शेतकऱ्याच्या कष्टानें अगर पैशानें सुटणारे नाहींत. आपण शेजाऱ्याशीं कसें वागतों यावर ते अवलंबून आहेत. आणि शेजाऱ्याशीं कसें वागावें हा तर धर्माचाच विषय होय. आपल्या संतांनीं याविषयीं जें सांगितलें तें आपणांस कीर्तनांतून माहीत आहे. प्रस्तुत लेखांत ख्रिस्ती धर्माची शिकवण शेतीस कशी लागू पडते, ती शिकवण घेऊन कोणीं कोणतें काम केलें, आणि त्यांतून कोल्हापूरकडील शेतकऱ्यानें काय घ्यावें, याचा विचार करूं.

१. शिकवण

ख्रिस्ती लोकांचा बायबल हा ग्रंथ शेतकरी व मेंढपाळ यांच्या समाजांत निर्माण झाला. त्यामुळें त्यांतील दृष्टांत पेरणी, मळणी, मेंढरें आणि द्राक्षमळे यांचे आहेत. येशूचा पेरणाऱ्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. एकाच मुठीचें बीं. पण कांहीं वाटेवर पडलें तें पांखरांनीं टिपलें, कांहीं खडकावर उगवलें तें उन्हानें करपलें, कांहीं कांटेरी झुडपांत दबून गेलें, आणि जें चांगल्या जमिनींत पडलें तें अनेक पटींनीं पिकलें. दोष बियाण्याचा नव्हे, जमिनीच्या मशागतीचा आहे, हें शेतकऱ्यास वेगळें सांगावयास नको. उपदेश कितीही चांगला असला तरी मनाची मशागत झाल्यावांचून तो उगवत नाहीं, हा त्याचा अर्थ.

याहून आपल्या कामाचे तीन नियम जुन्या करारांत आहेत. पहिला असा कीं, जमीन मुळांत देवाची आहे; माणूस तिच्यावर कुळासारखा राहतो, म्हणून ती कायमची विकूं नये. दुसरा असा कीं, पीक कापतांना शेताचे कोपरे कापूं नयेत आणि पडलेलीं कणसें वेंचूं नयेत. तीं गरिबांसाठीं व परक्यांसाठीं सोडावींत. तिसरा असा कीं, दर सातव्या वर्षीं जमिनीस विसांवा द्यावा.

यांतील दुसरा नियम विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. आपल्याकडे पूर्वीं खळ्यावर बलुतेदारांचा वांटा बाजूस काढीत. तो दान नसून हक्क होता. परंतु तो केलेल्या कामाचा मोबदला होता. येथें तर ज्यानें त्या शेतांत दिवसभरही राबणूक केली नाहीं, त्याचाही कोपऱ्यावर हक्क मानला आहे. रूथ नांवाची परदेशी विधवा बवाज नांवाच्या जमीनदाराच्या शेतांत कणसें वेंचावयास आली. पुढें ती त्याची पत्नी झाली आणि दावीद राजा हा तिचा पणतू होय. म्हणजे ज्या कोपऱ्यास मालकानें विळा लावला नाहीं, त्यानेंच एका राजवंशाची सुरुवात झाली.

पुढें येशूस एका शास्त्र्यानें प्रश्न केला कीं, शेजाऱ्यावर प्रीति करावी हें खरें, परंतु माझा शेजारी कोण? येशूनें व्याख्या केली नाहीं. एक गोष्ट सांगितली. लुटारूंनीं एका वाटसरूस घायाळ करून टाकलें. त्याच्याच धर्माचे मोठे लोक बाजूनें निघून गेले, आणि ज्या शोमरोनी लोकांस त्याचा समाज तुच्छ मानी त्यांपैकीं एकानें त्याच्या जखमा बांधल्या. शेजारी कोण हें कुंपण, जात अगर नातें यांवरून ठरत नाहीं, एकाची अडचण दुसऱ्यानें आपली मानली कीं नाहीं यावरून ठरतें, असा याचा निष्कर्ष आहे.

२. कार्य

कोल्हापुरांत अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर हे 1852 मध्यें आले व त्यांनीं शाळा काढल्या. मिशनच्या कामांत धर्मप्रसाराचा हेतु होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. त्यासंबंधीं वाचकांचीं मतें भिन्न असतील, आणि तीं तशीं असण्यास हरकत नाहीं. येथें आपणांस पाहावयाचें तें एवढेंच कीं, विश्वासाचें रूपांतर शेतांतील कामांत कसें झालें.

या बाबतींत प्रयागचे सॅम हिगिनबॉटम यांचें उदाहरण उद्‌बोधक आहे. ते 1903 मध्यें हिंदुस्थानांत आले व महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवूं लागले. विद्यार्थ्यांस घेऊन खेड्यांत गेल्यावर त्यांस दिसून आलें कीं, या देशाचें दारिद्र्य शेतांत आहे आणि आपणांस शेती येत नाहीं. तेव्हां ते अमेरिकेस परत जाऊन शेतकीशास्त्र शिकले. यमुनेच्या कांठीं 1910 मध्यें सुरू झालेली शेतकी संस्था त्यांनीं वाढविली, आणि शुभवर्तमान व नांगर यांची सांगड घालणारें पुस्तक 1921 मध्यें प्रसिद्ध केलें. उपदेश करणाऱ्यानें आधीं शिकावें, हा त्यांच्या चरित्राचा धडा होय.

महाराष्ट्रांतील उदाहरण याहून जवळचें आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें 1970 मध्यें अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेड येथें ग्रामीण आरोग्याचें काम सुरू केलें. ते औषधें घेऊन आले होते. परंतु लोकांनीं मागितलें तें अन्न आणि पाणी. म्हणून दुष्काळांत त्यांनीं विंधनविहिरींचें काम हातीं घेतलें, आणि हातपंप दलित वस्तींत बसविण्याचा आग्रह धरला. ज्या वस्तीस गांवानें पाण्यापासून दूर ठेवलें होतें, तिच्याच दारीं सर्व गांवास पाण्यासाठीं जावें लागलें. गांवोगांव शेतकरी मंडळें निघालीं. बंधारे व झाडें झालीं. आणि आरोग्याचें काम गांवांतील बायांनींच शिकून चालविलें, त्यांत भूमिहीन व दलित घरच्या बाया पुष्कळ होत्या. या दांपत्यास 1979 मध्यें मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच जिल्ह्यांत जेसुइट धर्मगुरु फादर हर्मन बाखर यांनीं पाणलोटाचें काम उभें केलें, आणि त्या कामासाठीं 1993 मध्यें वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्यापर्यंत असा होता. आधीं डोंगरउतारावर चर व झाडें, मग खालीं बंधारे. गांवानें श्रमदान करावें, मोकाट चराई व वृक्षतोड बंद करावी, अशा अटी होत्या. येथें एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. चराईबंदीची झळ प्रथम शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या भूमिहीनास बसते, आणि विहिरीस वाढलेलें पाणी मात्र पायथ्याच्या जमीनवाल्यास मिळतें. ज्यानें त्याग केला त्यास फळ पोंचविण्याची तरतूद गांवानें केली नाहीं, तर बंदी फार दिवस टिकत नाहीं. कापणींत सोडावयाच्या कोपऱ्याचा नियम येथें नव्या वेषांत पुढें येतो.

३. आपली जमीन

आतां आपल्या भागाकडे वळूं. कोल्हापुरास पाण्याचा दुष्काळ नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं भोगावतीवर राधानगरीचें धरण हातीं घेतलें, आणि पुढें सहकारी पाणीपुरवठा संस्थांनीं नदीचें पाणी माळावर चढविलें. त्या पाण्यावर ऊंस वाढला आणि घरें उभीं राहिलीं. परंतु शिरोळ तालुक्यासारख्या भारी काळ्या जमिनींत पाण्याच्या अतिरेकानें शेतें पाणथळ व क्षारपड झालीं आहेत. ऊंसास गरजेहून अधिक पाणी दिलें, आणि निचरा नसला, कीं भूगर्भांतील पाण्याची पातळी वर येते. तें पाणी केशाकर्षणानें पृष्ठभागाकडे चढतें, उन्हानें उडून जातें आणि क्षार मागें ठेवतें. उन्हाळ्यांत जमिनीवर पांढरा थर दिसूं लागतो, उगवण तुटक होते, आणि शेवटीं पीकच येत नाहीं.

ही हानि कोणाची होते? पुष्कळदां ज्यानें जास्त पाणी दिलें त्याची नव्हे. वरच्या अंगाचा शेतकरी रात्रभर मोटार चालू ठेवतो, आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्याचें रान फुटतें. दोघांमध्यें बांध आहे, दोघांचे सातबारे निराळे आहेत. परंतु भूगर्भांतील पाणी सातबारा वाचीत नाहीं. माझ्या शेतांतून निघालेलें पाणी ज्याच्या शेतांत जातें तो माझा शेजारी, मग तो चार शेतें पलीकडे कां असेना. त्या शास्त्र्याच्या प्रश्नास शेतकऱ्यानें द्यावयाचें उत्तर हें होय.

उपायही शेजारधर्मावांचून होत नाहीं. प्रथम माती तपासून घ्यावी. विद्युत वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटर याहून अधिक आणि सामू 8.5 हून कमी असेल, तर जमीन बहुधा क्षारयुक्त असते. तिला निचरा करून चांगल्या पाण्यानें क्षार धुवून काढावे लागतात. सामू 8.5 हून अधिक असून मातींत सोडियमचें प्रमाण फार असेल, तर जमीन चोपण होते. तिला निचऱ्यासह जिप्समही लागतें, आणि त्याचें प्रमाण तपासणीवरूनच ठरवावें. धैंच्याचें हिरवळीचें खत दोहोंस उपयोगी पडतें. भूमिगत निचऱ्यासाठीं सच्छिद्र नळ साधारणतः एक ते दीड मीटर खोलीवर घालतात. त्यांचें पाणी मुख्य नळांत, आणि तेथून ओढ्यांत अगर मोठ्या चरींत सोडतात. तो मुख्य नळ शेजाऱ्याच्या रानांतूनच न्यावा लागतो. एकानें वाट अडविली कीं दहा जणांचा खर्च वायां जातो. शिवाय वरच्या शेतांत पाण्याची बेसुमारी तशीच राहिली, तर खालच्यानें घातलेले नळ केवळ परक्याचें पाणी वाहत बसतील. ठिबकानें अगर मोजक्या पाळ्यांनीं पाणी देणें ही म्हणूनच वरच्या शेतकऱ्याची केवळ काटकसर नव्हे. तो शेजाऱ्याच्या जमिनीचा हक्क आहे.

यासाठीं कोणीं आपला धर्म बदलावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आपापल्या धर्मांत जी शिकवण आहे तिची परीक्षा देवळांत अगर चर्चमध्यें होत नाहीं, ती बांधावर होते, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. जमीन ज्यानें आपणांस वापरावयास दिली, त्यास ती परत देतांना फुटलेली द्यावयाची कीं पिकती, हा हिशेब पुढील पिढीपुढें प्रत्येकास द्यावा लागणार आहे.

गांवच्या सभेंत हा लेख वाचल्यावर पुढील प्रश्नांची चर्चा करावी:

(१) आपल्या शिवारांतील पाणी कोणत्या शेतांतून कोणत्या ओढ्यास जातें, आणि वाटेंत कोणाचीं रानें फुटलीं आहेत?

(२) निचऱ्याची मुख्य चर कोणाच्या जमिनींतून न्यावी लागेल, आणि ज्याची जमीन चरींत जाईल त्यास इतरांनीं काय द्यावें?

(३) ज्यांस जमीनच नाहीं, त्यांस या सुधारणेंत कामाखेरीज कोणता वांटा मिळेल?

तिसऱ्या प्रश्नापाशीं सभा गप्प राहील. ती गप्प राहिली तरी प्रश्न वगळूं नये.