लेकरू म्हणालं, "मला गावासाठी काहीतरी करायचंय"

मायबापहो,

आपल्या बीड जिल्ह्यात पोरगं दहावी-बारावी झालं की घरात एकच बोलणं सुरू होतं. लातूरला नीटचा क्लास लावायचा, की संभाजीनगरला अकॅडमी लावायची, की पोलीस भरतीसाठी ग्राउंड मारायचं. त्यापायी कुणी जमिनीचा तुकडा गहाण टाकतं, कुणी ऊसतोडीच्या मुकादमाकडून जादा उचल घेतं. यामागची माया मला ठाऊक आहे. म्हणूनच अशा घरात पोरगा किंवा पोरगी एके दिवशी म्हणाली, "मला गावातल्या लेकरांसाठी काहीतरी करायचंय," तर आईबापाच्या पोटात गोळा का येतो, तेही मला समजतं. "आधी स्वतःच्या पायावर उभं राहा, मग गावाचं बघ," असं आपण लगेच म्हणून टाकतो. ते म्हणण्याआधी थोडं थांबावं, एवढ्यासाठी आज तुमच्याशी बोलतो आहे.

गेवराईच्या संतोष गर्जेंचं उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातल्या पाटसरा गावचा, ऊसतोड कामगारांच्या घरातला हा मुलगा. बहिणीच्या मृत्यूनंतर घर विस्कटलं आणि तिचं लेकरू मागे राहिलं. आई नसलेल्या लेकराचं काय होतं ते त्यानं घरातच पाहिलं. २००४ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यानं गेवराईत अनाथ मुलांसाठी 'सहारा' सुरू केलं. तेव्हा हाताशी नोकरी नव्हती, नावावर शेत नव्हतं, ओळखीचा पुढारी नव्हता. मोजकी मुलं होती आणि त्यांना रोज दोन वेळा जेवू घालायचं होतं. दारोदार जाऊन धान्य मागावं लागलं. पुढे पत्नी प्रीती त्याच कामात उभ्या राहिल्या आणि आज ते 'बालग्राम' म्हणून महाराष्ट्रभर ओळखलं जातं. "आधी पायावर उभं राहा" हा आपला नियम संतोषनं पाळला असता, तर त्या पहिल्या मुलांकडे कुणी पाहिलं असतं?

मी तुम्हाला मुलांना उपाशी ठेवून समाजसेवेला पाठवा असं सांगत नाही. सांगायचं ते वेगळं आहे. आपल्या जिल्ह्याचं दुखणं काय आहे, हे बाहेरून येणाऱ्या साहेबापेक्षा आपल्या लेकरांना जास्त कळतं, कारण ती त्यातूनच वर आली आहेत. कोपीत राहणं काय असतं, पहाटे तीनला थंडीत उठून फडात जाणारी आई कशी दिसते, गाडीच्या मागे वाढ्यांवर झोपून कारखान्यापर्यंत जाणं कसं असतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्या कळण्यातून काही करावंसं वाटलं, तर ते पोरकटपण नाही.

दसरा झाला की ऊसतोडीसाठी आपली गावं रिकामी होतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतलेली असते, ती फेडायला दोघांनाही जावं लागतं. कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला असो की कर्नाटकातला, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परत येणं नाही. घरी म्हातारं माणूस असेल तर लेकरू मागे राहतं, नसेल तर सोबत जातं. आणि शाळेचा मुख्य अभ्यास नेमका याच महिन्यांत असतो. सहामाही परीक्षेनंतर गेलेलं मूल वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परत येतं, तेव्हा त्याचा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. असं दोन-तीन वर्षं झालं की ते शाळेकडे फिरकतच नाही आणि थोडं मोठं झालं की त्याच्याही हातात कोयता येतो.

शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 'शांतीवन' उभं केलं, ते हीच साखळी तोडायला. तेही तेव्हा तरुणच होते. आईबाप फडात असताना लेकरांनी कुठं राहायचं, या साध्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं: आमच्याकडे. पुढे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही तिथं आली. अंबाजोगाईला त्याआधीच्या पिढीत डॉ. द्वारकादास आणि शैला लोहिया यांनी १९८२ मध्ये 'मानवलोक' सुरू केली होती. म्हणजे आपल्या जिल्ह्यात ही वाट नवी नाही. तिच्यावर चालणाऱ्या पोरांना घरातून जरा उशिरानं पाठबळ मिळतं, एवढंच.

आपण जिंकून आलेल्या पोराची मिरवणूक काढतो. मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणलं, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, तेव्हा आष्टी तालुक्यानं काय आनंद केला! करायलाच हवा होता. पण तोच अविनाश लहानपणी शाळेसाठी रोज मैलोन्मैल पळत होता, तेव्हा ते पळणं कुणाच्या डोळ्यांत भरलं होतं? सुरुवातीच्या काळात आपल्या लेकराकडे पाहणारं माणूस घरातलंच असावं लागतं.

आता थोडं दूरचं सांगतो, दक्षिण आफ्रिकेतलं. एन्कोसी जॉन्सन नावाचा मुलगा १९८९ मध्ये एचआयव्ही घेऊनच जन्मला. आई आजारी, तिला सांभाळणं जमेना, म्हणून गेल जॉन्सन नावाच्या बाईनं त्याला आपल्या घरी वाढवलं. १९९७ मध्ये जोहान्सबर्गच्या एका प्राथमिक शाळेत नाव घालायची वेळ आली, तेव्हा गेलनं अर्जात आजार लपवला नाही. विरोध सुरू झाला. गेल मागे हटली नाही, प्रवेश मिळाला, आणि त्या वादातून देशभरातल्या शाळांना अशा मुलांना नाकारता येणार नाही असं धोरण आलं. जुलै २००० मध्ये डर्बनला एड्सवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा हा अकरा वर्षांचा मुलगा हजारो लोकांसमोर उभा राहिला. गरोदर आयांना औषध द्या म्हणजे बाळांना हा आजार होणार नाही, असं त्यानं आपल्या सरकारला सांगितलं. पुढच्या वर्षी तो गेला. २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं आयांना ते औषध देण्याचा आदेश सरकारला दिला. तो लढा लढणाऱ्या संघटना वेगळ्या होत्या, पण त्या मुलाचं बोलणं तोवर देशभर पोचलेलं होतं.

ही गोष्ट मी परदेशाचं कौतुक म्हणून सांगत नाही. आपल्या बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांनी 'इन्फंट इंडिया' सुरू केली आहे. एचआयव्ही असलेली, नातेवाइकांनी टाकलेली मुलं तिथं वाढतात. दत्ता बारगजे आधी भामरागडला आरोग्य खात्यात नोकरीला होते. आमटे कुटुंबाचं काम त्यांनी तिथं पाहिलं आणि आपल्या जिल्ह्यात येऊन स्वतःचं काम उभं केलं. शेजारच्या लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांचं 'सेवालय' आहे. २००९ मध्ये तिथली एचआयव्ही असलेली मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली होती.

मायबापहो, हे लिहिताना हात जड होतो. त्या पालकांना दुष्ट म्हणून मोकळं होता येणार नाही. त्यांना भीती वाटली होती आणि ती दूर करायला वेळेवर कुणी गेलं नव्हतं. पण पालक म्हणून आपण काय करू शकतो, याची दोन टोकं इथं दिसतात. जोहान्सबर्गला एक बाई एका परक्या लेकराचा हात धरून शाळेच्या दारात उभी राहिली, आणि आपल्याकडे आईबापांनी पोटच्या मुलांचे हात धरून त्यांना शाळेतून घरी नेलं. उद्या तुमचा मुलगा अशा एखाद्या लेकराशेजारी बसायला तयार असेल, तर त्याला मागे ओढू नका. बदल घडवणारी पोरं घडतात ती तिथंच.

दक्षिण आफ्रिकेचंच आणखी एक. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतली शाळकरी मुलं रस्त्यावर आली, आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती नको म्हणून. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. बहुतेक आईबाप तेव्हा शहरात कामावर होते, त्यांना मोर्चाची कल्पनाही नव्हती. पण पुढच्या काही दिवसांत त्याच पालकांनी 'ब्लॅक पेरेंट्स असोसिएशन' उभी केली. मेलेल्यांचे अंत्यविधी, जखमींचे उपचार, पकडलेल्या मुलांसाठी वकील, हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं. आमची पोरं चुकली, असं म्हणत ते घरात बसले नाहीत. आज १६ जून तिथं युवक दिन म्हणून पाळला जातो. मुलांचं धाडस सगळ्यांना आठवतं. मला मात्र ते पालकही तितकेच मोठे वाटतात.

तुमची भीती मी बाजूला सारत नाही. आपल्या जिल्ह्यात तरुणांना हाक मारणारे पुष्कळ आहेत. बॅनरवर फोटो, गाडीत डिझेल, मागे फिरायला चार पोरं, याला इथं 'सामाजिक कार्य' म्हणतात. तसलं काही असेल तर पोराला जरूर अडवा. ओळखायचं कसं? त्याच्या कामानं कुणाचं पोट भरतं, कुणाची शाळा टिकते, ते विचारा. त्याला नाव सांगता आलं पाहिजे: अमक्या वस्तीवरची अमकी मुलगी आता रोज शाळेत जाते. नाव सांगता येत नसेल, तर ते काम अजून सुरू झालेलं नाही.

दुसरी कसोटी जातीची. गेल्या काही वर्षांत आपल्या गावांत माणसामाणसांत किती अंतर पडलं, ते तुम्ही पाहता. एकाच शाळेत वाढलेली पोरं एकमेकांच्या दुकानात जाईनाशी झाली. अशा काळात मराठा, वंजारी, दलित, मुसलमान अशा सगळ्या घरांतल्या लेकरांना संध्याकाळी एका ओट्यावर अभ्यासाला बसवणारा तरुण माझ्या लेखी जिल्ह्यातलं सगळ्यात मोलाचं काम करतो. तुमच्या घरातलं पोर ते करत असेल आणि भावकी तुम्हाला टोमणे मारत असेल, तर तुम्ही त्याच्या बाजूनं बोला. त्या वयात बापाचा एक शब्द फार पुरतो.

हिशेबाचंही बोलून ठेवतो. पोरानं कुणाकडून शंभर रुपये घेतले तरी वहीत लिहायला लावा, आणि ती वही महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः पाहा. अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल सापडलं तर मायेच्या भरात घरी ठेवून घेऊ नका. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं, आणि मुलं ठेवायची तर संस्थेची रीतसर नोंदणी लागते. अशा कागदांना तरुण माणूस कंटाळतो. तिथं तुमचा अनुभव त्याच्या कामी येईल.

मुलींबद्दल मात्र मला काकुळतीनं सांगायचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांपैकी चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. २०११ च्या जनगणनेत इथं सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८०७. लग्न लवकर का होतं, ते तुम्ही जाणता. वयात आलेली पोर मागे एकटी ठेवायची भीती, फडात सोबत न्यायची भीती, आणि जोडी झाली की एक कोयता वाढतो. तुमच्या मुलीला वर्गमैत्रिणीचं लग्न ठरल्याचं कळलं आणि तिनं १०९८ ला फोन केला, किंवा ग्रामसेवकाला सांगितलं, तर गावात बोंब होईल. गावात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकाचीच आहे, तेव्हा तिनं योग्य माणसालाच सांगितलं. त्या रात्री तिला "तुला काय पडलंय" असं म्हणू नका. तिनं एका घरातला कोयता थांबवला आहे.

आणि एक गोष्ट अगदी तुमच्या हातातली. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. तिची मागणी शाळेकडून वेळेत जावी लागते. शिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. आपल्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. शिक्षणहक्क कायद्यानं तिच्यात चारात तीन सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. या समितीची बैठक ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्यावर घेऊन उपयोग नाही. दसऱ्याच्या महिनाभर आधी ती बोलवा. कुणाचे आईबाप जाणार, कुणाची आजी घरी आहे, कुणाला कुणीच नाही, याची यादी गावातल्या पोरांना करायला सांगा. त्यांना प्रत्येक वस्ती, प्रत्येक घर माहीत असतं. आणि बैठकीला जाताना "मला काहीतरी करायचंय" म्हणणाऱ्या आपल्या लेकराला सोबत न्या, यादी त्यालाच वाचू द्या.